जाहिरातीची दूरस्थ चाचणी: आधी वागणं नोंदवा, मत नंतर विचारा

‘जाहिरात आवडली का?’ हा प्रश्न चाचणीच्या सुरुवातीलाच आला की पुढचं सगळं बिघडतं. तोवर समोरचा माणूस प्रेक्षक असतो, प्रश्न ऐकल्यावर तो परीक्षक होतो. मग तो नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन बघतो, कारणं शोधतो, आणि सांगतो ती कारणं बहुधा मागाहून जुळवलेली असतात. आपण असं का वागलो हे माणसाला स्वतःलाच अनेकदा कळत नाही, तरी तो त्याची कारणं खात्रीने सांगतो, हे रिचर्ड निसबेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ साली मांडलं. म्हणून चाचणी वर्तनावर उभी करायची: किती वेळ पाहिलं, कुठे पाहिलं, कधी वगळलं, काय निवडलं, नंतर काय आठवलं. मत विचारायला हरकत नाही, पण ते शेवटी.

सहभागी स्वतःच्या घरी, स्वतःच्याच संगणकावर असताना ही चाचणी घेण्यात मोठा फायदा आहे, कारण जाहिराती एरवीही तो तिथेच बघतो. अडचणही तिथेच आहे. खोलीतला उजेड, इंटरनेटचा वेग, शेजारी बसलेलं माणूस, यांतलं काहीच तुमच्या हातात नसतं. जे हातात नाही ते निदान नोंदवायचं, आणि तुलना अशी आखायची की हा गोंधळ दोन्ही गटांत सारखाच विभागला जाईल. पुढच्या बहुतेक सूचना या दोन गोष्टींसाठीच आहेत.

सुरुवात कागदावर

चाचणीवरून कोणता निर्णय घ्यायचा आहे ते एका वाक्यात लिहा. ‘३० सेकंदांची आवृत्ती चालवायची की १५ सेकंदांची’, ‘ब्रँडचं नाव सुरुवातीला दाखवायचं की शेवटी’ अशी वाक्यं चालतात. ‘जाहिरात लोकांना कशी वाटते’ हे चालत नाही, कारण निकाल काहीही आला तरी त्यावरून काही ठरत नाही.

त्याच कागदावर एकच मुख्य मोजमाप लिहा आणि ‘इतका फरक दिसला तरच आवृत्ती बदलू’ हेही लिहा. दुय्यम मोजमापं तीन-चार पुरे. वीस मोजमापं घेऊन प्रत्येकाला ५ टक्क्यांची कसोटी (फरक नसतानाही तो दिसण्याची शक्यता ५ टक्के) लावली, तर दोन जाहिरातींत तसूभरही फरक नसताना सरासरी एका मोजमापात फरक ‘सापडतो’. डेटा हाती आल्यावर नेमका तोच आलेख सादरीकरणात जातो, म्हणून हा कागद तारीख घालून आधीच जपून ठेवायचा.

मोजमाप प्रश्नावरून ठरवा. लक्ष टिकतं का, हे वगळण्याच्या वेळेवरून कळतं. पडद्याच्या कोणत्या भागाकडे नजर जाते हे वेबकॅमवरून ढोबळमानाने कळतं. विनोद पोचतो का हे चेहऱ्यावर दिसतं. ब्रँड लक्षात राहतो का हे आठवणीच्या चाचणीतून, आणि वस्तूकडे कल वाढतो का हे निवडीतून. पैसे आणि वेळ दोनच मोजमापांना पुरत असतील तर वगळणं आणि निवड ही दोन घ्या. कॅमेऱ्याची मोजमापं आकर्षक दिसतात, पण ती सर्वांत महाग पडतात आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जातात.

किती लोक लागतील

दोन गटांची तुलना, वरचीच ५ टक्क्यांची कसोटी आणि फरक खरा असेल तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता, हे नेहमीचे निकष धरू. फरक मध्यम असेल, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांतल्या नेहमीच्या फरकाच्या मापाच्या) निम्मा, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक ०.३ असेल तर १७६. फरक ०.२ इतका लहान असेल तर ३९४. जाहिरातीच्या दोन आवृत्त्यांमधला फरक बहुधा लहानच असतो, त्यामुळे गटात ३० जण घेऊन काढलेल्या निष्कर्षावर पैसे लावू नयेत. मोजमाप ‘निवडलं की नाही’ असं असेल आणि ३० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंतची वाढ पकडायची असेल, तर गटामागे सुमारे ३५६ जण हवेत.

ही संख्या वापरण्याजोग्या नोंदींची आहे, बोलावलेल्या लोकांची नाही. गळती किती होईल ते पायलटवरून, म्हणजे मुख्य चाचणीआधीच्या छोट्या चाचणीवरून काढा. ३० पैकी १८ जणांच्याच नोंदी वापरण्याजोग्या निघाल्या आणि तुम्हाला २०० हव्या असतील, तर ३३४ जणांना बोलवावं लागेल. मानधनाचा हिशेब याच आकड्यावर करा. कॅमेरा चालला नाही किंवा प्रकाश कमी पडला म्हणून ज्याला थांबवलं, त्यालाही दिलेल्या वेळेचे पैसे द्यायचे. दोष त्याचा नसतो.

रचना

किमान दोन गट हवेत आणि कोण कोणत्या गटात जाईल ते संगणकाने यदृच्छया ठरवायला हवं. नियंत्रण गटाला तोच कार्यक्रम, त्याच जागी, पण तुमच्या जाहिरातीऐवजी वेगळ्याच वस्तूची तेवढ्याच लांबीची जाहिरात दाखवा. हा गट नसेल तर ‘जाहिरात पाहून ३५ टक्के लोकांनी आमची वस्तू निवडली’ या वाक्याला अर्थ नाही. जाहिरात न पाहताही कदाचित ३४ टक्के लोकांनी तीच निवडली असती.

एकाच जाहिरातीच्या दोन आवृत्त्या एकाच माणसाला दाखवू नका. दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते, विनोद शिळा झालेला असतो. वेगवेगळ्या चार जाहिराती एकाच माणसाला दाखवायच्या असतील तर चार क्रम तयार करा, प्रत्येक जाहिरात प्रत्येक स्थानी एकदा येईल असे, आणि सहभागी या चार क्रमांत सारखे वाटा.

जाहिरात एकटी दाखवणं ही सर्वांत नेहमीची चूक. रिकाम्या पडद्यावर एकच चित्रफीत आली की ती कशासाठी आहे हे कोणीही ओळखतं. त्याऐवजी आठ-दहा मिनिटांचा खरोखर बघण्याजोगा कार्यक्रम घ्या आणि मध्ये चार-पाच जाहिरातींचा एक विराम ठेवा. तुमची जाहिरात पहिली किंवा शेवटची नको, कारण या दोन जागा तशाही जास्त लक्षात राहतात. सगळ्या चित्रफितींचा आवाज एकाच लाउडनेसवर आणा. प्रसारणात वापरली जाणारी −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) ही पातळी चालेल, कोणतीही एक धरा. एक जाहिरात नुसती मोठ्याने वाजली म्हणून जास्त आठवली, असं व्हायला नको.

सहभागींना सांगायचा उद्देश खरा पण सर्वसाधारण असावा: ‘लोक ऑनलाइन व्हिडिओ कसे बघतात याचा अभ्यास’. प्रयोगामागचा हेतू कळला की लोक नकळत त्याला साजेसं वागतात, हे मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली दाखवलं. शेवटी मात्र सगळं उघड सांगायचं आणि त्यानंतरही आपल्या नोंदी काढून घेण्याचा पर्याय द्यायचा.

वगळण्याचं बटण

हे मोजमाप सोपं दिसतं, पण त्यात एक सापळा आहे. वगळल्याने चाचणी लवकर संपणार असेल तर मानधनावर आलेला माणूस सगळंच वगळणार, आणि तुम्ही जाहिरात नव्हे, घाई मोजणार. म्हणून सत्राची एकूण लांबी ठरलेली ठेवा आणि ती आधीच सांगा: ‘वगळलंत तर कार्यक्रम पुढे सुरू होईल, सत्र १८ मिनिटांचंच राहील.’ जेवढा वेळ वगळला तेवढा जादा कार्यक्रम शेवटी जोडायचा.

बटण ५ सेकंदांनी दिसावं, प्रत्येक जाहिरातीत एकाच जागी, एकाच आकारात. सरावासाठी एक तटस्थ जाहिरात आधी दाखवा, म्हणजे बटण कसं चालतं हे शोधण्यात तुमच्या जाहिरातीचे सेकंद जाणार नाहीत. आणि वगळणं हेच मुख्य मोजमाप असेल तर त्या गटात कॅमेरा चालू करू नका. आपल्याकडे कोणी बघतंय हे माहीत असलेला माणूस सभ्यपणे शेवटपर्यंत बघत बसतो.

वेळेच्या नोंदी

दूरस्थ चाचण्या सर्वाधिक वेळा इथे फसतात, आणि निकाल हाती येईपर्यंत ते कळतही नाही.

ब्राउझर आवाजासकट चित्रफीत आपोआप सुरू होऊ देत नाहीत. सहभागीने आधी काहीतरी दाबलेलं असावं लागतं, म्हणून ‘सुरू करा’ हे बटण द्या. पूर्ण चित्रफीत आधी उतरवून घ्या आणि मगच हे बटण सक्रिय करा. एच.२६४ एमपी४ स्वरूप जवळजवळ सगळीकडे चालतं.

सुरुवातीची वेळ म्हणून ‘चालव’ ही आज्ञा दिल्याचा क्षण नोंदवू नका. चित्र खरोखर हलू लागल्याची घटना ब्राउझर वेगळी कळवतो, ती नोंदवा. मध्ये चित्रफीत अडकली, थांबवली, पुन्हा सुरू झाली, सहभागी दुसऱ्या टॅबवर गेला, पूर्ण पडद्यातून बाहेर आला: प्रत्येक घटना वेळेसकट साठवा. कॅमेऱ्याच्या प्रत्येक चौकटीलाही (फ्रेमलाही) त्याच घड्याळाचा शिक्का हवा. हे नसेल तर दोन सेकंद अडकलेल्या चित्रफितीत पंधराव्या सेकंदाचं हसू सतराव्या सेकंदाच्या दृश्याच्या नावावर जमा होतं.

नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांपेक्षा बारीक वेळ त्यावर दाखवताच येत नाही. कळफलक आणि माऊस आणखी काही विलंब जोडतात. एकाच यंत्रावर हा विलंब बराचसा सारखा असतो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन प्रतिसादांची तुलना विश्वासार्ह ठरते. दोन माणसांच्या प्रतिसादकाळाची थेट तुलना मात्र तेवढी नाही.

फोन आणि संगणक सरमिसळ करू नका. दोन्ही हवे असतील तर प्रत्येक उपकरणाच्या आत स्वतंत्रपणे गट पाडा. नजरेचा माग घ्यायचा असेल तर फक्त संगणक.

आवाज चालू आहे का हे विचारू नका, तपासा. तीन आकडे ऐकवा आणि ते लिहायला सांगा. आवाज, कॅमेरा, प्रकाश, इंटरनेट या सगळ्या तपासण्या गट ठरण्याआधी व्हायला हव्यात. गट ठरल्यानंतर कोणाला बाहेर काढलं तर दोन्ही गट सारखे राहतीलच असं नाही.

नजरेचा माग

प्रयोगशाळेतलं यंत्र सुमारे अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतं. पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे चूक अर्ध्या सेंटिमीटरची. साध्या वेबकॅमवर वेबगेझरसारखी, ब्राउझरमध्ये नजर टिपणारी प्रणाली वापरली की चूक ४ अंशांच्या आसपास जाते, म्हणजे पडद्यावर चार सेंटिमीटर. कोपऱ्यातलं दोन सेंटिमीटरचं बोधचिन्ह ‘पाहिलं’ की त्याशेजारची बाटली पाहिली, हे अशा नोंदीवरून सांगता येत नाही. जो तसं सांगतो त्याने चूक किती मोठी असते हे कधी मोजलेलंच नसतं.

म्हणून पडद्याचे मोठे भाग करा: डावा-उजवा, किंवा चार चतुर्थांश. दोन भागांमध्ये किमान चार सेंटिमीटरचा मोकळा पट्टा सोडा आणि त्या पट्ट्यातल्या नोंदी मोजू नका. वेबकॅमची नमुना-गती, म्हणजे सेकंदाला तो किती नोंदी घेतो, ती यंत्रानुसार कमी-जास्त होते, म्हणून नजर एका बिंदूवर किती मिलिसेकंद स्थिरावली असले आकडे देऊ नयेत. त्या भागाकडे गेलेल्या वेळेचा टक्का द्या.

पडद्यावरचे सेंटिमीटर कळायला सहभागीच्या पडद्याचा आकार हवा. त्यासाठी त्याला एखादं बँक कार्ड पडद्याला टेकवायला सांगा आणि पडद्यावरचा आयत कार्डाएवढा होईपर्यंत सरकपट्टी हलवायला लावा. ही कार्डं जगभर एकाच मापाची असतात, ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर. कार्डाची मागची बाजू वापरायला सांगा, आणि या टप्प्यावर कॅमेरा बंद ठेवा.

मग नऊ बिंदूंचं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रणालीला त्या माणसाच्या नजरेशी जुळवून घेणं. प्रत्येक बिंदूकडे बघत त्यावर क्लिक करायचं, पाच-पाच वेळा. लगेच पाच नव्या बिंदूंवर पडताळणी, आणि सरासरी चूक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तर एकदाच फेरकॅलिब्रेशन. तेही जमलं नाही तर त्या माणसाला कॅमेऱ्याविना चालणाऱ्या भागात पाठवा. जाहिरातींच्या विरामानंतर पडताळणी पुन्हा घ्या. माणूस खुर्चीत मागे सरकला की मागोवा ढळतो, आणि आधी बरी असलेली चूक नंतर दुप्पट झालेली दिसली तर ती नोंद वगळायची.

आणखी एक: लोक तशीही पडद्याच्या मध्याकडे जास्त बघतात. मध्यभागी ठेवलेल्या वस्तूला ‘सर्वाधिक लक्ष’ मिळालं यात जाहिरातीचं कौतुक नाही. तुलना नेहमी त्याच जागेची, दुसऱ्या आवृत्तीशी.

चेहरा

चेहऱ्याच्या हालचाली स्नायूंनुसार मोजण्याची पद्धत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक हालचाल म्हणजे एक क्रमांकित एकक, आणि आजच्या स्वयंचलित प्रणाली बहुतेक तीच एककं वापरतात. जाहिरातीसाठी तीन पुरतात: ओठांचे कोपरे वर जाणं, म्हणजे एकक १२. गाल उचलले जाणं, एकक ६. भुवया खाली येऊन जवळ येणं, एकक ४.

अहवालात हालचालीचं नाव लिहा, भावनेचं नको. प्रणाली ‘राग १८ टक्के’ असं छापते, पण तिने पाहिलेल्या असतात फक्त आक्रसलेल्या भुवया. बारीक अक्षरं वाचताना, विचार करताना, पडद्याचा उजेड डोळ्यांवर येताना भुवया तशाच आक्रसतात. चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना ठामपणे ओळखता येत नाही, असा निष्कर्ष लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या विस्तृत आढाव्यात आहे. हसू त्यातल्या त्यात बरं, आणि विनोदी जाहिरातीत ते उपयोगी पडतं.

हे मोजताना:

– जाहिरातीआधी १५ सेकंद तटस्थ चित्रफीत दाखवा आणि त्या वेळच्या सरासरीपासूनचा बदल मोजा. काहींच्या भुवया मुळातच खाली असतात, काहींचे ओठ मुळातच वर.
– खिडकी किंवा दिवा चेहऱ्यासमोर हवा, पाठीमागे नको. ही सूचना चित्रासकट द्या, नुसती वाचून कोणी खुर्ची हलवत नाही.
– सेकंदाला ३० चौकटी चांगल्या. १५ पेक्षा कमी मिळाल्या तर ओझरतं हसू निसटतं, ती नोंद वगळा.
– मांडणीच्या वेळी सहभागीला स्वतःचं चित्र दाखवा, मग लपवा. स्वतःकडे बघत कोणी मोकळं हसत नाही.
– खाणं, पिणं, हनुवटीवर हात आणि बोलणं प्रणालीला गोंधळात पाडतात. चेहरा सापडला नाही अशा चौकटींचं प्रमाण प्रत्येकासाठी काढा.

एकटा माणूस कमी हसतो. सोबत कोणी आहे, नुसतं असं वाटलं तरी हसू वाढतं, हे ॲलन फ्रिडलुंड यांच्या १९९१ च्या प्रयोगात दिसलं. त्यामुळे घरी एकट्याने पाहिलेल्या जाहिरातीत हसू कमी म्हणजे विनोद फसला, असं नाही. दुसऱ्या आवृत्तीपेक्षा किंवा जुन्या, यशस्वी ठरलेल्या जाहिरातीपेक्षा कमी की जास्त, एवढंच बघायचं.

आणि प्रणाली सगळ्यांना सारखं वाचत नाही. चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकत होत्या, तर उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के, हे जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली मोजून दाखवलं. तुमचं काम वेगळं असलं तरी धडा लागू आहे: कोणाच्या नोंदी जास्त गळतात ते वर्ण, वय, चष्मा, दाढी यांनुसार तपासा. नाहीतर ज्या ग्राहकांसाठी जाहिरात आहे, तेच डेटातून गायब झालेले असतील आणि सरासरीत ते दिसणारही नाही.

निवड, मग आठवण, मग मत

कार्यक्रम संपला की दोन-तीन मिनिटांचं असंबद्ध काम द्या, उदाहरणार्थ चित्रांतले फरक शोधणं. त्यानंतर लगेच निवड. आठवणीचे प्रश्न आधी विचारले तर ब्रँडचं नाव पुन्हा डोक्यात घोळतं आणि निवड बिघडते.

निवडीला खरा परिणाम हवा. सहा-आठ वस्तूंची मांडणी दाखवा, वस्तूंच्या जागा प्रत्येकासाठी बदला, आणि सांगा की दर दहा जणांतल्या एकाला त्याने निवडलेली वस्तू खरोखर पाठवली जाईल. मग ती पाठवाच. किंमत मोजायची असेल तर बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांची १९६४ ची पद्धत वापरा. सहभागी जास्तीत जास्त किती देईल ते लिहितो, संगणक यदृच्छया एक किंमत काढतो. ती लिहिलेल्या रकमेइतकी किंवा कमी असेल तर वस्तू संगणकाच्या किमतीला मिळते, जास्त असेल तर व्यवहार होत नाही. यात खोटं लिहून फायदा नसतो, पण हे पहिल्या वाचनात कोणाच्या लक्षात येत नाही. खोट्या पैशांवर दोन सराव फेऱ्या घ्या आणि एक समजप्रश्न विचारा.

आठवण तीन पायऱ्यांत. आधी ‘कोणत्या जाहिराती आठवतात, लिहा’, मग वस्तूचा प्रकार सांगून, आणि शेवटी चित्रं दाखवून ओळख. ओळखीच्या फेरीत निम्मी चित्रं अशा जाहिरातींची हवीत ज्या दाखवल्याच नव्हत्या. एका आवृत्तीला ८० टक्के लोकांनी ‘पाहिली’ म्हटलं आणि न दाखवलेल्या तशाच जाहिरातीलाही ५५ टक्क्यांनी म्हटलं, तर खरी ओळख २५ गुणांची. दुसरीला ७० आणि ३० असतील तर ४० गुणांची, म्हणजे दुसरी पुढे. फसवी चित्रं नसती तर निकाल उलटा लागला असता. एका आठवड्याने पुन्हा विचारणार असाल तर वेगळं मानधन ठेवा, परत येणारे कमीच असतात.

आता मत विचारा. आणि अगदी शेवटी: ‘हा अभ्यास कशाबद्दल होता असं वाटतं?’ नेमकं उत्तर देणाऱ्यांना काढू नका. त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय असे दोन्ही निकाल काढून बघा.

संमती आणि चित्रीकरण

कॅमेऱ्याची संमती वेगळी घ्या, सर्वसाधारण अटींच्या यादीत पुरू नका. काय साठवलं जाईल, कोण बघेल, कधी पुसलं जाईल, हे तीन-चार वाक्यांत लिहा. जमेल तिथे विश्लेषण सहभागीच्याच ब्राउझरमध्ये करा आणि फक्त आकडे बाहेर पाठवा. जे चित्रीकरण तुमच्याकडे नाही ते फुटूही शकत नाही. मानधनासाठी लागणारं नाव आणि चाचणीच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, दोन्हींना जोडणारा सांकेतिक क्रमांक तिसरीकडे. युरोपातल्या लोकांना घेत असाल तर जीडीपीआर या तिथल्या डेटा-संरक्षण कायद्याप्रमाणे दिलेली संमती कधीही मागे घेता येते, त्यामुळे क्रमांकावरून नोंद शोधून पुसण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. चौकटीत दुसरा चेहरा, विशेषतः लहान मूल आलं, तर चित्रीकरण आपोआप थांबेल असं बघा. त्यांनी संमती दिलेली नसते.

पायलट

पाच जणांसोबत पडदा शेअर करून संपूर्ण सत्र बघा, मध्ये काही बोलू नका. मग ३० जण, कोणाच्याही मदतीशिवाय. या ३० जणांच्या कच्च्या नोंदी एकेक करून उघडा: जाहिरात सुरू झाल्याची वेळ प्रत्येकाची आहे का, क्रम खरोखर बदलले का, गटांची संख्या जवळपास सारखी आहे का, चौकटींना वेळेचा शिक्का आहे का. मग याच ३० नोंदींवर विश्लेषणाचं संपूर्ण गणित चालवून बघा. हवा तो स्तंभ साठवलाच नव्हता, हे चारशे लोक झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. पायलटचे लोक मुख्य नोंदीत मिसळू नका.

नोंदी गाळणं आणि वाचणं

गाळण्याचे नियम मुख्य चाचणीआधी लिहिलेले असावेत: जाहिरातीच्या वेळी टॅब सोडला, चित्रफीत ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त अडकली, सहभागीचं लक्ष आहे का हे तपासणारी दोनपैकी दोन्ही परीक्षणं चुकली. मोकळ्या उत्तरांत मजकूर चिकटवला का, याची नोंद ठेवा, कारण सफाईदार उत्तरं आता यंत्रं लिहून देतात. मग दोन्ही गटांत किती गळाले ते शेजारी शेजारी मांडा. एका गटात ८ टक्के आणि दुसऱ्यात २२ टक्के गळाले असतील, तर उरलेल्यांची तुलना ही यदृच्छ गटांची तुलना राहिलेली नाही, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहायला हवं.

वगळण्याच्या वेळेची नुसती सरासरी काढू नका. ज्यांनी वगळलंच नाही त्यांची वगळण्याची वेळ आपल्याला माहीत नसते, ती ‘जाहिरातीच्या लांबीपेक्षा जास्त’ एवढीच कळते. अशा नोंदींसाठी कॅप्लन-मायर वक्र आहे: प्रत्येक सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले ते तो दाखवतो. वक्र जिथे अचानक खाली येतो त्याच्या एक-दोन सेकंद आधीचं दृश्य तपासा. कंटाळा आल्यावर बटणापर्यंत हात जायला वेळ लागतो.

निवडीचं विश्लेषण करताना वगळणाऱ्यांना बाजूला काढायचा मोह होतो. ‘ज्यांनी पूर्ण पाहिली त्यांच्यात विक्री दुप्पट’ हे वाक्य ऐकायला छान आणि संपूर्ण फसवं आहे. पूर्ण बघणारे मुळातच त्या वस्तूकडे ओढा असलेले असतात. ज्या गटात जो पडला तो तिथेच मोजायचा, त्याने जाहिरात दोन सेकंद पाहिलेली असो वा तीस.

निकाल फरकाच्या स्वरूपात आणि विश्वास-पल्ल्यासकट, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा त्यांच्यासकट द्या: ‘नियंत्रण गटापेक्षा ६ गुण जास्त, विश्वास-पल्ला १ ते ११’. पल्ल्यात शून्य येत असेल तर ‘फरक नाही’ असं लिहू नका, ‘एवढ्या लोकांत फरक सिद्ध झाला नाही’ असं लिहा. मोजमापं एकमेकांशी भांडतील, हसू एका आवृत्तीत जास्त आणि निवड दुसरीत. अशा वेळी सुरुवातीच्या कागदावर लिहिलेल्या मुख्य मोजमापानुसार निर्णय घ्या आणि उरलेली विसंगती पुढच्या चाचणीचा प्रश्न म्हणून नोंदवा. जाहिरात दुरुस्त केली तर तिची चाचणी नव्या लोकांवर घ्या. आधीच्यांनी ती पाहिलेली आहे, त्यांच्यावरून आता काही कळणार नाही.